बुचाची मागची बाजू

आज सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर स्कूटरच्या सीटवर बुचाची फुलं पडलेली. पांढरी, लांब देठांची, दवानं ओली. नवरात्र जवळ आलं की सदाशिव पेठेतल्या आमच्या या गल्लीत पहाटेपासून हा वास भरून राहतो. क्लासला निघालेली पोरं क्षणभर का होईना, मोबाइलमधून मान वर काढतात. दुसऱ्या कुणाला अशा वेळी चार ओळी सुचल्या असत्या. मला संशय आला. एवढीच फुलं? गेल्या वर्षी या दिवसांत सीटचा रंग दिसत नव्हता. दुधाची पिशवी हँडलला अडकवली आणि झाडाला एक फेरी मारून आले. खोडाच्या मागच्या बाजूला काही नव्हतं. मग कुठे मी एक फूल उचलून नाकाशी धरलं.

आधी संशय, मग वास, हा माझा क्रम आता कायमचा झाला आहे. मुलगी फोनवर म्हणते, "आई, तू झाडांकडे फौजदारासारखी बघतेस." बघते. कुणीतरी बघायलाच हवं.

बुचाचं झाड तसं भोळं. उंच वाढतं, सरळ वाढतं, पण लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात फांदी कधी मोडेल त्याचा नेम नाही. साल इतकी मऊ की अंगठ्यानं दाबली तर दबते. त्यामुळे ज्याला ते नको असतं त्याला 'धोकादायक' हा शब्द आयता मिळतो. लहानपणी शुभदाला आणि मला त्यात कसलाच धोका दिसला नव्हता. शाळेत जाताना आम्ही याच झाडाखाली थांबायचो. बुचाच्या वेणीला दोरा लागत नाही, देठातच देठ गुंफत जायचं. शुभदाची वेणी घट्ट आणि सरळ व्हायची. माझी शाळेच्या फाटकापर्यंत उसवायची. "तू देठ ओढतेस," ती म्हणायची. "ओढायचा नसतो गं, वळवायचा असतो." लग्नं झाली, मुलं झाली, तरी आम्ही दोघी याच गल्लीत राहिलो. मी झाडाच्या अलीकडच्या इमारतीत, ती पलीकडच्या. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाडाचा शेंडा दिसतो आणि शेंड्याच्या पलीकडे तिची गॅलरी. गेली कित्येक वर्षं सकाळचा पहिला चहा आम्ही त्या शेंड्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून घेत आलो आहोत.

काही वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरातही मी फुलंच वेचत होते. चांगली फुलं नेहमी अडचणीच्या जागी पडतात. खोड आणि शुभदाच्या इमारतीची भिंत यांच्यामध्ये माणसाला आडवं होऊन शिरावं लागतं एवढीच फट आहे, तिथं शिरले. आणि तिथं, भिंतीकडे तोंड करून, खोडाला एक कागद डकवलेला दिसला. सदर ठिकाणचं बुचाचं झाड काढण्यासाठी अर्ज आला आहे, कुणाची हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावी. मुदत संपत आली होती. कागदावर कोळ्यानं जाळं विणलं होतं, म्हणजे कागद तिथं बरेच दिवस होता. तो वाचू शकेल अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे समोरची भिंत.

मी तडक दामले सरांना बोलावून आणलं. सर आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं, देवाचं नाव काढलं की त्यांना ठसका लागतो. ते त्या फटीत शिरले, कागद वाचला, बाहेर आले आणि सदरा झटकत म्हणाले, "नोटीस लावणं सक्तीचं आहे. ती दिसणं सक्तीचं नाही."

त्याच दिवशी आम्ही हरकत दाखल केली. आणि मग आमचा संशयाचा हंगाम सुरू झाला.

कारण साधं होतं. शुभदाची इमारत पाडून तिथं नवी व्हायची होती आणि नव्या नकाशात मोटारींचं फाटक नेमकं बुचाच्या जागेवर येत होतं. त्यांचे अध्यक्ष परांजपे भेटले तेव्हा म्हणाले, "अहो, झाड काय, दुसरं लावता येतं."

"कुठे?" सरांनी विचारलं.

"कुठेही."

"मग फाटकही कुठेही लावता येईल," सर म्हणाले, आणि त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांना नमस्कार करणं सोडलं.

आम्ही पाच-सहाजण जमलो. मग शेजारच्या गल्ल्यांतले आले, येरवड्याकडचं एक जोडपं आलं, त्यांच्याकडेही नोटीस झाडाच्या मागच्या बाजूलाच सापडली होती. प्रश्न एका झाडाचा नाही, हे तेव्हा कळलं. शहराचे नियमच असे ढिले होते की त्यातून ट्रकभर ओंडके आरामात निघून जावेत. आमचं मागणं फार मोठं नव्हतं. नोटीस रस्त्याच्या बाजूला लावा, माणसाच्या नजरेच्या उंचीवर, वाचता येईल अशा अक्षरात. एखादं धडधाकट झाड एकाएकी वाळलं तर ते का वाळलं याची चौकशी करा. आणि बुंध्याभोवती हातभर तरी माती मोकळी सोडा, गळ्यापर्यंत सिमेंट ओतू नका. यासाठी सह्या गोळा केल्या. पुण्यात सही मागितली की माणूस आधी संपूर्ण निवेदन वाचतो, त्यातल्या दोन चुका काढतो आणि मग "विचार करून सांगतो" म्हणतो. त्यामुळे वेळ लागला.

तोवर झाड राखायचं होतं. उभं झाड कापायला परवानगी लागते. मेलेल्या झाडाची कुणाला एवढी पडलेली नसते. खोडाला भोक पाडून हिंग भरला की झाड आतून वाळतं असं जुने लोक सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण हल्ली हिंगापेक्षा जालीम वस्तू दुकानात मिळतात. म्हणून आम्ही रोज सकाळी झाडाची तपासणी करू लागलो. एकेकानं हळूहळू खोडाभोवती फिरायचं, सालीवर हात फिरवायचा, कुठे भोक, कुठे ओल, कुठे नवा कागद दिसतो का बघायचं, फटीतून आडवं होऊन सरकायचं आणि पलीकडून बाहेर यायचं. सर चष्मा कपाळावर चढवून फिरत. एकदा मला खरोखरच हिंगाचा वास आला. मी खोड वरपासून खालपर्यंत हुंगलं, सरांना हुंगायला लावलं. शेवटी ते म्हणाले, "बाई, जरा आपली बोटं हुंगून बघता का?" सकाळच्या आमटीच्या फोडणीचा हिंग होता.

संशयाची एक गंमत आहे. तो एकदा घरात आला की पाहुण्यासारखा दिवाणखान्यात बसत नाही, थेट स्वयंपाकघरात शिरतो. मला आधी परांजप्यांचा संशय होता. मग रोज गाडी लावताना झाडाकडे बघणाऱ्या एका गृहस्थांचा आला. मग पाणी द्यायच्या निमित्तानं बुंध्याशी येणाऱ्या प्रत्येकाचा. आणि मग, मला सांगायलाही नको वाटतं, शुभदाचा.

तिचे गुडघे पार गेलेत. खाली बसणं सोडा, पडलेलं फूल वाकून उचलणंही तिला जमत नाही. तिची जुनी इमारत बिनलिफ्टची आणि ती तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टरकडे जायचं तरी ती आदल्या दिवसापासून मनाची तयारी करायची. नवी इमारत झाली की तिला लिफ्ट मिळणार होती, आणि आमच्या हरकतीनं ते सगळं काम अडलं होतं. सह्यांच्या वेळी ती आमच्यात असायची, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. पण एकदा मी परांजप्यांना तिच्याशी हळू आवाजात बोलताना पाहिलं. मी जवळ गेले, तर दोघंही हवेबद्दल बोलू लागले. ऑक्टोबरातल्या हवेबद्दल पुण्यात बोलण्यासारखं काय असतं? दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी खिडकीत उभी राहिले नाही.

तिला ते कळलंच. दुपारी तिनं फोन केला नाही, कठडा धरून तीन मजले उतरली, आमचा जिना चढली आणि दारातच म्हणाली, "परांजपे म्हणत होते, तुम्ही समजवा तुमच्या मैत्रिणीला. मी म्हटलं, ती समजण्यातली नाही. ऐकायचं होतं ना तुला? ऐक. मला लिफ्टही हवी आहे आणि झाडही हवं आहे. दोन्ही मागणं गुन्हा आहे का?"

"गुन्हा कोण म्हणतंय?"

"तू. गेला आठवडाभर. तोंडानं नाही."

मी तिला पाणी दिलं. ती प्यायली आणि गेली. जिना उतरताना तिच्या प्रत्येक पावलाचा आवाज मला ऐकू येत होता. मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगते, संशय त्यानं गेला नाही.

त्यानंतर एका सकाळी झाडात देव आला.

कमरेएवढ्या उंचीवर, जुनी फांदी मोडून खोडात एक खोबण झाली होती. तिच्यात शेंदूर फासलेला एक गोटा ठेवलेला होता. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो, मग एकमेकांकडे. सर तर लालबुंद झाले. "हा कुणाचा चावटपणा आहे? आपली बाजू शास्त्रीय आहे!" त्यांनी गोटा काढायला हात पुढे केला, तेवढ्यात मागून आवाज आला, "हात नका लावू जी!"

वानखडे काकू होत्या. त्यांचा मुलगा कुठल्याशा आयटी कंपनीत आहे, नोकरीसाठी पुण्यात आला आणि आईलाही अमरावतीकडून घेऊन आला. हातात हळदीकुंकवाचं ताट, पाण्याचा तांब्या. "मले तं आधीच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "एवढे शिकले-सवरले लोकं रोज सकाळी आंघोळ करून या झाडाले फेरे मारून राह्यले, हात लावून राह्यले, म्हणजे झाडात काहीतरी असनच ना! अन् जागा बी पाहा कशी निवडली. वाकाचं काम नाही. म्हाताऱ्यांच्या गुडघ्याची काळजी आहे देवाले."

आमची तपासणी म्हणजे लोकांना प्रदक्षिणा वाटली होती. गल्लीतला सर्वांत कडवा नास्तिक रोज आठवणीनं बुचाला फेऱ्या घालतो, याचा लोकांनी जो अर्थ काढायचा तो काढला होता. सर नंतर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

मी मात्र तपासाला लागले. मंडईजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानात जाऊन विचारलं, एवढ्यात सदाशिव पेठेतल्या कुणी शेंदूर नेला का? दुकानदारानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, मारुतीचा शनिवार दर आठवड्याला येतो. कुणाकुणाची नावं सांगू?"

आठवडाभरात झाडाखाली उदबत्त्या आल्या, नारळ आले, एक घंटाही आली. फाटकाचं बोलणं एकदम थंडावलं. शेंदराला हात लावायची परांजप्यांचीही छाती होईना. आम्ही आठवडेच्या आठवडे कागद लिहीत होतो, कायद्याची कलमं पाठ करत होतो, आणि काम करून गेला एक गोटा. मला आनंद व्हायला हवा होता. मला लाज वाटली. ज्या शहराला दगडाची भीती वाटते त्याला नियमाची का वाटू नये?

आणि मग परांजपे स्वतः फरश्या घेऊन आले. "देवाला असं धुळीत ठेवणं बरं दिसत नाही," म्हणाले, आणि दोन दिवसांत खोडाला चिकटून सिमेंटचा ओटा झाला. वर चकचकीत पांढऱ्या फरश्या. मातीचा एक कण दिसेना. बायका खूश झाल्या. मी आणि सर बाजूला उभे होतो. हा माणूस भक्तीला लागला की झाडाचा गळा दाबतोय, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. बहुधा त्यांनाही आलं नसेल.

सुनावणीला आम्ही सगळे गेलो. अधिकारी मवाळ होते. सगळं ऐकून घेतलं, "आपल्या सूचना चांगल्या आहेत," म्हणाले. सूचना चांगल्या आहेत म्हटलं की त्या कपाटात जातात, हे मला बँकेतल्या नोकरीनं शिकवलंय. मग त्यांनी मोबाइल आमच्यासमोर धरला. फोटोत आमचं झाड होतं, फरश्यांत उभं. "बुंध्याभोवती माती मोकळी हवी, असं आपणच म्हणता ना? मग आधी आपल्या झाडापासून सुरुवात करू या." मागच्या रांगेत परांजपे हात जोडून बसले होते. फोटो कुणी पाठवला हे विचारायची गरज नव्हती.

ओटा फोडावा तर देवाचा अपमान, गल्ली अंगावर येणार. न फोडावा तर आमच्या मागणीला काडीचा अर्थ राहत नाही, आणि उन्हाळ्यापर्यंत झाडही राहत नाही. सर डोकं धरून बसले. शेवटी शुभदाच म्हणाली, "वानखडे काकूंना विचारलंय का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही पुण्याचे ना. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "देवाले फरशी कायले पायजे? आमच्या वावरात म्हसोबा मातीतच बसते. झाड मेलं तं देव राहीन कुठं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनीच पहार आणली. देवाच्या ओट्यावर पहिला घाव देवाला पाणी घालणाऱ्या बाईनं घातला म्हटल्यावर कुणाला काही बोलायला जागा उरली नाही. बाकीच्या बायका पुढे झाल्या. फरशीचे तुकडे उचलताना दुपार झाली. खालची माती काळी, दमट होती. काकूंनी तांब्याभर पाणी ओतलं, ते झिरपताना आम्ही सगळे वाकून बघत होतो. सरसुद्धा.

पुढे नकाशात फाटक दुसऱ्या अंगाला सरकलं. सरकवता येत होतं तर. शुभदाची नवी इमारत उभी राहिली, तिला लिफ्ट मिळाली, शेंड्याच्या पलीकडे तिची गॅलरी पुन्हा आली, पहिल्यापेक्षा एक मजला वर. आता चहा घेताना ती मला वरून बघते. आमच्या मागण्या मात्र अजून 'विचाराधीन' आहेत. दरवर्षी बूच फुलला की आम्ही एक स्मरणपत्र देतो आणि दरवर्षी पोच मिळते.

झाडात देव आला त्या सकाळची एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी तपासणीला सगळ्यांत आधी मी पोचले होते. गोट्याभोवती बुचाच्या ताज्या फुलांची वेणी होती. बिनदोऱ्याची. घट्ट आणि सरळ. मी ती काढून पर्समध्ये टाकली आणि मग इतरांना हाक मारली. तरीही शेंदूर कुणी नेला ते विचारायला मंडईत गेले. शुभदा सोडून दुसरं कुणीतरी असावं, असं मला वाटत होतं की वाटू नये असं वाटत होतं, देव जाणे. जिच्यावर संशय घ्यायचा तो घेऊन झाला होता, आणि तो इतका चुकीच्या दिशेनं घेतला होता की आता तिच्यापुढे उभं राहायला मला तोंड नव्हतं.

यंदा मागच्या गल्लीतल्या बुचावर कागद लागला आहे. मागच्या बाजूला, अर्थात. आम्ही हरकत दिली, सुनावणी मागितली, सरांनी कलमं काढून ठेवली. त्या झाडाला ना गॅलरी आहे ना कुणी वानखडे काकू. परवा मेथी आणायला मंडईत गेले, तर त्या दुकानदारानं ओळखलं. "काय बाई, सापडला का तुमचा शेंदूरवाला?"

"तपास चालू आहे," म्हटलं.

आज दूध घरात ठेवून शुभदाला घेऊन मागच्या गल्लीत गेले. लिफ्ट आल्यापासून ती रोज थोडं फिरते. त्या झाडाच्या बुंध्याशी, अगदी मुळांत, ज्याला खाली बसता येतं अशाच माणसानं ठेवावा असा एक शेंदरी गोटा होता. भोवती बुचाची वेणी होती, पण ती अर्धी उसवून मातीत पडली होती. रस्त्यानं जाणाऱ्या एका मुलीनं चप्पल काढून नमस्कार केला आणि पुढे गेली.

शुभदा काठीवर भार देऊन बराच वेळ बघत होती. "वेणी ओढलीय कुणीतरी," ती म्हणाली. "ओढायची नसते."

"वळवायची असते," मी म्हटलं.

तिनं हात पुढे केला. मी खाली बसले, ती फुलं गोळा करून तिच्या ओंजळीत दिली आणि तिनं उभ्या उभ्या ती पुन्हा गुंफली, घट्ट आणि सरळ. मी ती गोट्याभोवती नीट बसवली. पहिल्या दगडाबद्दल मी तिला कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्याबद्दल तिनं मला विचारलं नाही.